आपले लेखन आवडले

२ फेब्रुवारी १९७४, शनिवार
सकाळची शाळा सुटून घरी आलो तर कुसुम कार्ड घेऊन दारातच उभी. वाचनालयाच्या कथास्पर्धेचं. 'आपले लेखन परीक्षकांना फार आवडले. रविवार ता. १७ रोजी पाच वाजता बक्षीस समारंभ. आपण तीन वाजताच अगत्य यावे.' बस्स, एवढंच. आजवर माझ्या वाट्याला 'साभार परत'च. चार वेळा वाचलं. कुसुमने देवापुढे ठेवलं, मी उचलून पुन्हा वाचलं.

५ फेब्रु.
शेजारच्या नरसम्मांना सांगितलं. गोष्ट त्यांचीच आहे म्हणायची. सबंध दिवस ओट्यावर चरख्याने सुताच्या कांड्या भरतात, आत नवऱ्याचा माग चालू. मागे एकदा चरखा फिरवता फिरवता म्हणाल्या होत्या, "माझा स्वप्न लई लांब हाय, मास्तर. मागावर मावंना." त्या एका वाक्यावरून सगळी गोष्ट सुचली. एक बाई साडी विणते, ती संपतच नाही, दारातून बाहेर पडते, गल्ली ओलांडून तलावाकडे जाते. वाक्य जसंच्या तसं ठेवलंय. घरात तेलुगू, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'माझा'च सगळं. शाळेत मी यालाच लाल रेघ मारतो!

११, सोमवार
फळ्यावर सुविचार लिहायचा तर हात नुसता हवेत. खिडकीतून उन्हं येत होती, खडूची धूळ तरंगत होती, आणि मी व्यासपीठावर. गळ्यात हार. भाषणसुद्धा झालं मनात. पोरं हसली तेव्हा जागा झालो. बेचाळिसाव्या वर्षी ही तऱ्हा. पण काय गोड वाटतं!

संध्याकाळी तलावाला चक्कर. पाण्यात देवळाचं शिखर हलत होतं. उगीच वाटलं, नरसम्मांची साडी इथवर पोचली.

१७, रविवार
आज नको.

१८
लिहून टाकतो. पोटात ठेवून काय करू.

तीनला पोचलो. कुसुम इरकली नेसून, गजरा माळून सोबत. वाचनालयाचे चिटणीस धावत आले, "या या मास्तर! तुमचीच वाट बघत होतो की. टाक आणलाय का?" मला कळेचना. मग आतल्या खोलीत नेलं. टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा, दौत. "परीक्षकसाहेब म्हणाले, काय अक्षर आहे हो! मोत्याचे दाणे. प्रमाणपत्रं यांच्याकडूनच लिहून घ्या."

म्हणजे 'आपले लेखन'. माझंच चुकलं. शुद्धलेखनाच्या मास्तराला लेखन या शब्दाचा अर्थ कळू नये!

लिहिली. तीन बक्षिसं, दोन उत्तेजनार्थ. लाज वाटते सांगायला, पण दरवेळी वाटायचं, पुढचं नाव माझं असेल. कदाचित मुद्दाम शेवटी ठेवलं असेल, गंमत म्हणून. पाच झाली आणि यादी संपली. एक कोरं उरलं. "खाडाखोड झाली तर असावं म्हणून जादा," चिटणीस म्हणाले.

कुसुमला सांगायला वेळच मिळाला नाही. ती बायकांत पुढे बसलेली, प्रत्येक नावाला मान उंच करायची. शेवटचं नाव झालं तरी गजरा सारखा करत बसली होती. ते बघवलं नाही. घरी येताना वाटेत लिमये चौकात तिने माझ्या हाताची शाई पदराने पुसली, चांगल्या इरकलीच्या. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आता लिहिणं बंद.

२० फेब्रु.
चिटणिसांनी त्या दिवशी गोष्टही परत दिली होती. बंबात घालणार होतो, कुसुमने ठेवून घेतली. आज म्हणाली, "अहो, इथं बघा." सातव्या पानावर पेन्सिलीची बारीक रेघ. सबंध गोष्टीत एकच. नरसम्मांच्या त्या वाक्याखाली.

आवडलं म्हणून, की 'माझा' चुकलं म्हणून?

कुसुम म्हणते, "चूक दाखवायची असती तर 'माझा'खालीच थांबली असती की. ही तर शेवटपर्यंत गेलीय." पण हात चालत राहिला की रेघ जाते पुढे. मी मास्तर आहे, मला ठाऊक आहे.

परीक्षक पुण्याला गेले. पत्र लिहून विचारावं? काय विचारणार, तुमची रेघ कसली म्हणून?

२२, शुक्रवार
न राहवून नरसम्मांना रेघ दाखवली. त्यांना वाचता येत नाही, वाचून दाखवलं. म्हटलं, खरं म्हणजे 'माझं स्वप्न' हवं.
"का? माझा बरोबर न्हाय?"
"व्याकरणात नाही बसत."
कांडी बदलली त्यांनी. मग म्हणाल्या, "स्वप्न माझा हाय तर माझाच म्हननार की, मास्तर."
आणि चरखा सुरू.

२४, रविवार
दुपारी गोष्ट पुन्हा उतरवायला घेतली. दुसरीकडे पाठवेन, न पाठवेन. कुसुम तांदूळ निवडत बसली होती, तिने मान वर करून बघितलं. मुद्दाम भराभर लिहितोय, वाकडंतिकडं. यापुढे अक्षराचं कौतुक नको कुणाचं.

भिंतीपलीकडे माग चाललाय. सातव्या पानाशी आलो. टाक थांबला. माझं, की माझा?

'माझा' लिहिलं. नेमकं तेवढंच अक्षर सुरेख आलं.