गुरुवारचा इतवार

…नळाला पाणी होतं तोवर मी दोन पितळी गुंड भरले, अंगणात सडा टाकला, रात्रीची भांडी घासून पालथी घातली आणि पोळ्यांसाठी कणीक भिजवली. हे उंबऱ्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी झाडू हातात घेतला तसे तिथूनच ओरडले, "ठेव वं तो झाडू. आज इतवार हाय."

त्या दिवशी गुरुवार होता. शेजारची सुमती भिंतीवरून म्हणाली, "भाऊजी, चष्मा लावून कॅलेंडर पाहा ना जी."

"चष्मा मले नाही, तुमच्या कॅलेंडरले लागते," हे म्हणाले. "ज्या दिवशी गिरणी बंद, तो इतवार."

मग आम्ही पोळ्या आणि बटाट्याची भाजी फडक्यात बांधून आदाशाच्या गणपतीला गेलो. गुरुवार असल्यामुळे टेकडीवर आम्ही दोघं, पुजारी आणि माकडं, एवढेच होतो.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्राची सुरुवात नावानं होते, कणकेनं होत नाही. नाव आता देते. पण ही सकाळ कळल्याशिवाय शेवटचं कलम कळणार नाही, म्हणून ती आधी लिहिली.

मी तुळजाबाई, कै. ईश्वरदास धकाते यांची पत्नी, वय सहासष्ट, राहणार तांडापेठ, नागपूर, हे सगळं स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाबाची गोळी घेते, तिचा मनावर परिणाम होत नाही असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. (सुमतीनं लावली. तिचं पुढे येईलच.) याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं वाचन सुताच्या बंडलांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर झालं. अर्धाच कागद यायचा, त्यामुळे कित्येक बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. पुढे वाचनालयाची पुस्तकं आली, त्यांना शेवट असायचे.

कलम १. मला दोन अपत्यं. मुलगा अभिजीत, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मुलगी प्रियदर्शनी, लग्नानंतर मौद्याला असते, तिथल्या शाळेत शिकवते. दोघांनीही मला सांभाळलं आहे. वर्षात जे काही कमी पडलं ते दिवाळीत भरून निघालं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रियदर्शनीनं पाहावी, कारण ती जवळ आहे आणि कोणाला भीत नाही.

कलम २. तांडापेठेतलं घर दोघांचं सारखं. विकायचं असल्यास विकावं, भावनेपोटी कुलूप लावून ठेवू नये. पुढच्या खोलीत जमिनीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा आहे. तिथे सासऱ्यांच्या हातमागाचा खड्डा होता. माग गेला त्या आठवड्यात यांनी स्वतः सिमेंट कालवून तो बुजवला आणि पुढच्या महिन्यात कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सूतगिरणीत कामाला लागले. घर घेणाऱ्याला वर फरशी बसवायची असेल तर बसवू द्यावी. मागावर आडवं सूत नेणारा एक धोटा मी ठेवला आहे, तो प्रियदर्शनीला. बँकेतली ठेव दोघांना सारखी. माझ्या पाटल्या दोन आहेत, त्यामुळे वाद व्हायचं कारण नाही.

कलम ३. पाटा-वरवंटा सुमतीला. साक्षीदार म्हणून मी आधी तिलाच विचारलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. सुमतीनं पेन खाली ठेवला.

"मले काही देणार होतीस का वं?"

"नाही."

"मंग आता दे. सही दुसऱ्याची घे. तो पाटा दे मले, तुझ्या सुना कुठे वाटून राहिल्या मसाला?"

मला सून एकच आहे, तीही मिक्सर वापरते. सुमतीचं म्हणणं बरोबर आहे. पाट्यावर फक्त सावजीचा मसाला वाटावा, इडलीचं पीठ वाटू नये.

याच कलमात एक जुनी तक्रार. एका खानावळवाल्यानं मला माझ्या ब्लॉगवर (तो कलम ६ मध्ये येतो) लिहायला सांगितलं होतं, की त्याचा रस्सा आमच्या कोष्ट्यांच्या घरच्यासारखा लागतो. बदल्यात दोघांना जेवण फुकट. हे म्हणाले, "फुकट जेवू घालून राहिला, म्हणजे रस्सा पाण्याचाच असन." आम्ही पैसे देऊन जेवलो. पाण्याचाच होता. तसंच लिहिलं. त्यानं अजून मला माफ केलेलं नाही, मीही त्याला केलेलं नाही. हे असंच चालू राहू द्यावं.

कलम ४. गणपती विसर्जनाला गांधीसागर तलावावर आमचा गट निर्माल्य गोळा करतो. माझे रबरी हातमोजे, दोन टोपल्या आणि शिट्टी गटाकडे द्यावी. शिट्टी जोरात वाजते. लोक हार पाण्यात टाकायला वाकले की वाजवायची, बोलायची गरज पडत नाही. गटातले श्रीधर मोहरील बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना शिट्टी वाजवायला संकोच वाटतो. म्हणून ती त्यांनाच द्यावी.

कलम ५. माझं काही बरंवाईट झाल्यावर तेरवीला जेवण साधं ठेवावं. हारांचं निर्माल्य तलावात टाकू नये. मी तिथे नसले तरी टाकू नये.

कलम ६. आता ब्लॉग.

बारा वर्षांपूर्वी प्रियदर्शनी माहेरपणाला आली होती. म्हणाली, "आई, तू मले फोनवर जे सांगतेस ना, तेच लिही." तिनंच फोनवर ब्लॉग उघडून दिला. त्यात प्रकार निवडायचा होता, तिनं 'लाइफस्टाइल' निवडला. मी अर्थ विचारला. हे मधेच म्हणाले, "लाइफ हाय आपल्याजवळ. स्टाइल सीताबर्डीवर भेटते, आणू का एखादी?"

नाव ठेवलं 'गुरुवारचा इतवार'. नाव वाचून बऱ्याच लोकांना वाटलं की हे इतवारीतलं कापड दुकान आहे. साड्या होलसेलमध्ये मिळतील का, असे निरोप अजून येतात. मी त्यात आमच्या गल्लीतला तान्हा पोळा लिहिला, मारबतीची मिरवणूक लिहिली, तलावाची सफाई लिहिली आणि आमच्या सहली: रामटेक, नगरधन, पवनी, मौद्याजवळची कन्हान. हे निवृत्त झाल्यावर सगळेच दिवस इतवार झाले, तरी आम्ही गुरुवार सोडला नाही. माझी भाषा पुस्तकांतून आलेली. ती मी माझ्यापुरती वापरली. हे जे बोलले ते मात्र बोलले तसंच लिहिलं.

तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात हे गेले. दवाखान्यात, दोन दिवसांत. यांचा आवाज कुठेही टेप केलेला नाही, फोन समोर धरला की गप्प व्हायचे. फोटोत डोळे मिटलेले आहेत. मी एकटी त्यानंतरही गुरुवारी जाते आणि लिहिते, पण त्या लेखांत बोलणारं कोणी नसतं.

या दिवाळीत अभिजीत आला. म्हणाला, "आई, तुझा ब्लॉग जरा नीट करून देतो." एका दुपारी कॉम्प्युटरवर बसून त्यानं सगळे लेख सुधारले. तो गेल्यावर मी उघडून पाहिलं. वर नाव होतं, 'गुरुवारचा रविवार'. यांच्या सगळ्या 'मले'चं 'मला' झालं होतं, 'जाऊन राहिलो'चं 'जात आहे' झालं होतं. मशीननं दिसेल तिथला 'मले' बदलला होता, त्यामुळे मारबत बघायला 'लोक जमला' होता. आदाशाच्या लेखात हे म्हणत होते, "आज रविवार आहे." पुढचे गुरुवार त्यानं गोंधळ नको म्हणून गाळले होते.

आठवड्यानं मोहरीलसाहेबांचा फोन आला. "बाई, आम्ही सहकुटुंब रविवारी आदाशाला जाऊन आलो. तुम्ही लिहिलंय की माकडांशिवाय कोणी नव्हतं. आम्हाला चप्पल ठेवायला जागा मिळाली नाही."

प्रियदर्शनीला सांगितलं तर ती भडकली. "दादाले हात काहून लावू दिला? पासवर्ड बदल. मरेपर्यंत देऊ नको त्याले, अन् मेल्यावर तर मुळीच देऊ नको."

मी अभिजीतला फोन केला. आधी तो हसला. मग त्यानं मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. पुण्याला कॉलेजात पहिल्याच दिवशी मेसमध्ये तो म्हणाला होता, "मले भात द्या." त्या दिवसापासून चार वर्षं त्याचं नाव 'मले' होतं. "आई, बाबांना कोणी तसं हसू नये, म्हणून केलं."

"हसू दे. त्यांना हसलेलं आवडायचं. तू पूर्वीसारखं करून दे."

"जुनं ठेवलं नाही मी."

"मग आठवून कर."

तो म्हणाला, "प्रियदर्शनीनं झापल्यावर तेच करायला बसलो होतो, आई. कुठे काय म्हणाले असतील ते मला आठवत नाही. मी माझ्या तोंडातून इतकं काढून टाकलं, की आता बाबांचं बोलणं कानात येतच नाही. चेहरा येतो. बोलणं येत नाही."

वकीलसाहेबांच्या मते ब्लॉग प्रियदर्शनीला जायला हवा. तिनं सुरू करून दिला, तिला भाषा येते, ती बिघडवणार नाही. हे सगळं खरं आहे. पण प्रियदर्शनी चिडली की हुबेहूब तिचे बाबा बोलतात. तिच्याकडे ते आहेत. अभिजीतकडे काही उरलेलं नाही. म्हणून 'गुरुवारचा इतवार' हा ब्लॉग, त्यातले सर्व लेख, फोटो आणि पासवर्ड मी अभिजीतला देत आहे. प्रियदर्शनीनं रागावू नये. रागावली तर फोनवर त्याच्यावरच रागावावं, त्याच्या कानाला सवय होईल.

अट अशी की, माझ्या पश्चात त्यातल्या 'इतवार'चा 'रविवार' आणि 'मले'चा 'मला' कोणीही करू नये, शुद्धलेखनासाठी नाही आणि प्रेमापोटीही नाही. जाहिराती घेऊ नयेत. अभिजीतला स्वतःच्या सहली लिहायच्या असतील तर त्यानं स्वतःच्या बोलण्यात लिहाव्यात, मग ते कसंही असो. सुटी कोणत्याही वारी घ्यावी.

अभिजीतशी हे फोनवरचं बोलणं गेल्या बुधवारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पुन्हा फोन लावला, पवनीच्या सहलीचा लेख उघडला आणि यांच्या प्रत्येक 'मला'चं परत 'मले' करत, त्याचे बाबा बोलले होते तसा मोठ्यानं वाचून दाखवला.

लिहून देणार:
(सही) तुळजाबाई ईश्वरदास धकाते

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही. श्री. मोहरीलही सही करणार होते, परंतु त्यांना शिट्टी मिळणार असल्यामुळे त्यांचं नाव साक्षीदारांतून वगळलं आहे.

साक्षीदार:
१. (सही) दुर्गेश निमजे, शेजारी, तांडापेठ
२. (सही) अमोल पराते, ग्रंथपाल, तांडापेठ

ठिकाण: नागपूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५