इवोचा गुडघा आणि माझे शनिवार

२ मार्च, सोमवार
स्कॅनचा रिझल्ट आला. सर्जनबाई सरळच म्हणाल्या, "गुडघ्यात काही शिल्लक नाही. खेळणं बंद." इवो, बल्गेरियातून फुटबॉल खेळायला आलेला माझा नवरा. बर्मिंगहॅमच्या एका छोट्याशा क्लबात का होईना, दर शनिवारी जीव काढून पळायचा. त्याला वाईट वाटलं. मला? हुश्श! कारपार्कमध्ये रडले. तो समजला दुःखाने. समजू दे.

४ मार्च, बुधवार
क्लबचा कोच सोडून गेला. त्या जागेसाठी इवोला उद्या बोलावलंय. तर हा तोंड पाडून म्हणतो, "कोच म्हणजे म्हातारा." म्हटलं, छत्तिशीत तू काय कुक्कुलं बाळ आहेस?

५ मार्च, गुरुवार
सकाळी नुसता तमाशा. सोफियाहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर. त्यांच्यात महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसापुढे दारात पाणी ओततात, म्हणजे काम पाण्यासारखं सुरळीत वाहतं. ओतलं मी पेलाभर. इवो कोट घालेपर्यंत आईने (नागपूरहून आलीय, महिनाभर) फडकं आणून पुसूनही टाकलं! "अगं, गुडघा आधीच गेलाय त्यांचा, घसरतील ना!" सासूबाईंनी तिकडे कपाळाला हात लावला. इवोचा चेहरा एवढासा. कळल्यावर आईच कावरीबावरी. मग यानेच पेला भरून तिच्या हातात दिला. "आई, तुम्ही." मराठी मोडकं, पण 'तुम्ही' चुकत नाही. तिने स्वेटरच्या बाह्या सारून असं काही ओतलं की डोअरमॅट चिंब. वर याच्या हातावर दही. ओल्या बुटांनी गेला इंटरव्ह्यूला.
संध्याकाळी फोन. झाला कोच! सीझन संपेपर्यंत. आई म्हणते दह्यामुळे, सासूबाई म्हणतात पाण्यामुळे. भांडा दोघी.

१३ मार्च, शुक्रवार
दोन खेळाडू जायबंदी. याने उद्याच्या मॅचच्या सब्जमध्ये, म्हणजे राखीव खेळाडूंत, स्वतःचंच नाव घातलं. "नावापुरतं गं." माझं डोकंच फिरलं. पुढे चालता नाही आलं तर?

१४ मार्च, शनिवार
शेवटची दहा मिनिटं, एक गोल मागे. स्टँडमधली मूठभर माणसं याच्या नावाने ओरडायला लागली. झालं! उतरवलं याने जॅकेट. मी ताडकन उठले, आईने हात धरून ठेवला. इवो बुटाची नाडी बांधायला वाकला, गुडघा वाकेना. तसाच थांबला जरा वेळ. मग दुसऱ्याला आत पाठवलं आणि जॅकेट परत चढवलं.
हरले. हरल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.
गाडीत म्हणाला, "बाहेरून सगळं मैदान दिसतं." मग घरापर्यंत लेफ्ट बॅकला शिव्या. आई मागच्या सीटवर गाढ झोपलेली.

१७ मार्च, मंगळवार
पोळ्या करत होते, तेव्हा इवोला क्लबच्या चेअरमनचा फोन. स्पीकरवर. आणखी एक जण जायबंदी. "शनिवारी अर्धा तास तरी उतरशील?" मी लाटणं धरून उभी. इवोने माझ्याकडे पाहिलंच नाही, गुडघा चोळत बसला. प्रश्न पुरा व्हायच्या आत येस म्हणणारा हा माणूस. आज म्हणाला, "उद्या सांगतो."
फोन ठेवला, पोळी मागितली. मी तव्यावरची गरम वाढली. 'नाही' म्हणाला नाहीये, माहितीये मला. पण 'हो'ही नाही म्हणाला. आज झोप लागेल.