न तपासलेलं रीळ

मी, सोल्वेग नॉरबी, वय एकोणऐंशी, निवृत्त शाळाशिक्षिका, राहणार हेर्नोसांद, बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते. फक्त मुख्य गोष्ट गाळली होती.

१. माझे राहते घर आणि बँकेतील शिल्लक भाचा मातियास यास द्यावी. त्याने एकदा हरणाच्या मांसाला जागा करण्यासाठी मी टिकावीत म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलेली फोटो-फिल्मची अठरा रिळे कचऱ्यात टाकली होती. ते मी विसरलेले नाही, तरी घर त्याचेच.

२. फोटो मोठे करण्याचे यंत्र, फोटो धुण्याच्या थाळ्या आणि माझी वही गावच्या लोकशाळेला द्यावी. वहीत त्रेसष्ट प्रकारच्या कृष्णधवल फिल्मांच्या नोंदी आहेत. बंद पडलेल्या कारखान्यांच्या, मुदत उलटलेल्या, नाव नसलेल्या डब्यांतल्या. अनोळखी फिल्म हाती आली की पहिले रीळ मी मागच्या भिंतीवर आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर खर्ची घालीत असे. तपासल्याशिवाय माणसाचा फोटो घ्यायचा नाही, हा माझा नियम होता.

३. तो मी एकदाच मोडला. नऊ वर्षांपूर्वी मैत्रीण गुन्नेल हिने आजारी नवऱ्यासाठी विनवले, "तोर्स्तेनचा एक चांगला फोटो काढ ग. डॉक्टर आता महिने नाही, आठवडे मोजतात." त्याच सकाळी टपालाने एक बिननावाची डबी आली होती. फिल्मच्या कणांचा तसला पोत कोणी पाहिला नसेल, असा फोटो मला हवा होता. दुसरे कारण नाही. ओळखीचे रीळ पिशवीत असताना मी ते अनोळखी भरले.

तोर्स्तेन होडीशी उभा राहून म्हणाला, "सोल्वेग, या वेळी तरी माणसाचा फोटो ना? की मी भिंत म्हणून उभा आहे?"

"गप्प उभा राहा," मी म्हणाले. तो हसला. ते हसू मी छत्तिसाव्या, म्हणजे रिळातल्या शेवटच्या फोटोत टिपले.

फिल्मचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची ताकद, मी शंभर धरला. ती निघाली सिनेमाच्या ध्वनिमुद्रणासाठी बनवलेली, भरपूर उजेड मागणारी. वेग जेमतेम सहा. रीळ धुतले तर पुसलेल्या काचेसारखे कोरे. अकराव्या दिवशी तोर्स्तेन गेला.

गुन्नेलला मी सांगितले, "शटर अडकलं. आर्विडनं नुकताच दुरुस्त केला होता कॅमेरा."

तिने ते चर्चच्या गायकवृंदात सांगितले. छोटे गाव. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या आर्विड हेग याच्याकडे कोणी कॅमेरा देईनासे झाले. दोन वर्षांत त्याने दुकान बंद केले.

४. गेल्या महिन्यात मी आर्विडकडे गेले. "शटर बिघडलं नव्हतं," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. मीच तीनदा तपासलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"नवरा गेलेल्या बाईच्या दारात जाऊन हुज्जत घालू? तू बोलशील म्हणून थांबलो."

त्याने कॉफी विचारली नाही. तो कॅमेरा मी त्याच्या नावे ठेवते म्हटल्यावर म्हणाला, "मला नको. गुन्नेलला सांग. तू जिवंत असताना."

म्हणून कॅमेरा कोणालाच देत नाही. मातियासने तो विकून येईल ते चर्चला द्यावे.

५. गुन्नेल ओकेसोन हिच्या नावे काहीही ठेवलेले नाही, कारण तिला मी साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि वाटा मिळणाऱ्याला साक्ष देता येत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते. तिने पहिल्या शब्दापासून वाचावे आणि मगच काय ते ठरवावे. मी समोर बसून आहे.

हेर्नोसांद, १४ ऑक्टोबर २०१९
सही: सोल्वेग नॉरबी

वरील सही आम्हा दोघांदेखत झाली.
साक्षीदार १: रूने हेडलुंड, शेजारी
साक्षीदार २: गुन्नेल ओकेसोन

(साक्षीदार २ च्या हस्ताक्षरात) वाचलं. सोल्वेग शुद्धीवर आहे, एवढ्यापुरतीच ही सही. मी आता आर्विडकडे निघाले आहे. तिनं माझ्याबरोबर येऊ नये.