मागाच्या खड्ड्यातला उंदीर

अमरच्या बाबाले,

उंदीर सापडला. साड्या विणाच्या मागाच्या खड्ड्यात, पोत्याखाली, थैलीत बांधून ठेवलेला. तुमच्या वापरलेल्या डायपरांचा ढीग होता तो, मुंग्या लागलेला. इतके दिवस घरात वास येऊन राहिला, तं तुमी म्हणत होते का उंदीर मेला असन. मी धानाची कोठी रिकामी केली, सुनेनं सारी भांडी खाली काढून घासली, अन् तुमी ओसरीवर बसून पाहत राहिले. शी.

मागावरच्या पांढऱ्या सुतालेही वास लागला. ती साडी आता कोण नेसन?

लघवीच्या पिशवीखालची कॅन्सरची गाठ काढल्यावर काही महिने लघवी गळते, हे नागपूरच्या डॉक्टरनं माझ्यासमोरच सांगतलं होतं. आवळून धरायचा व्यायामही सांगतला. तो तुमी एक दिवस केला नाही. वरून खाट उचलून मागाच्या खोलीत नेली, म्हणे आत गरम होते.

मी मोहाडीले जाऊन राहिली, डायपर अन् झाकणाची बालदी आणाले. बालदी मोरीत राहीन, साऱ्यांच्या समोर. भात झाकून ठेवला आहे, सुनेले वाढाले सांगा.

तुमच्या मायचं हगणंमुतणं ती मरेपर्यंत ह्याच हातानं काढलं, तवा मले ओकारी आली नाही. आज आली. मुतानं नाही, तुमच्या त्या उंदरानं.

मी येईपर्यंत खाट आत आणून ठेवा.

तारा