एकेचाळीस अर्ध्या ओव्या

अमरावती,
शनिवार, ता. २ डिसेंबर १९६१

प्रिय मनकर्णा,

सलाम लिहू की जयभीम, इथंच पेन अडलं. दोनदा उठलो, माठातलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो. शेवटी दोन्ही लिहितो, तुला जो हवा तो ठेवून घे. साडेचार वर्षांत माझ्याकडून तुला एकच पत्र आलं. तेही आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या छापील नमुन्यावर, खाली चिटणीस म्हणून माझी सही. त्या पत्राबद्दल मला लिहायचंच आहे, पण ते लिहायला जरा धीर गोळा करावा लागेल.

आधी आईचं. आई आहे, हे पहिल्यांदा सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी तिच्या हातातून सुटली आणि उजवं अंग गेलं ते गेलंच. वाचाही बसली. डॉक्टर म्हणतात, जिवाची काळजी नको, बोलण्याचं मात्र सांगता येत नाही. या गोष्टीला सहा आठवडे होऊन गेले आणि मी तुला कळवलं नाही. तुझी वहिनी आशा रोज विचारायची, "अकोल्याले लिहिलं का तुमी?" मी म्हणायचो, लिहितो, एवढं नाटकाचं उरकू दे. पंधरा दिवसांनी तिनं विचारणं सोडलं आणि नुसती माझ्याकडे बघायला लागली. ते जास्त वाईट होतं.

नाटक म्हणजे नाताळचं. आत्ता लिहितोय तेव्हाही देवळाच्या आवारात तीन ज्ञानी पुरुष माझी वाट बघत उभे आहेत, त्यातल्या एकाची दाढी अजून व्हायची आहे आणि हेरोद राजाचा दुसरा प्रवेश मी लिहिलेलाच नाही. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. एक काम हातात घेतलं की दुसरं खुणावतं, दुसऱ्याशी दोन शब्द बोलतो तोवर तिसरं दार वाजवतं. फडताळात पाच गठ्ठे आहेत, जुन्या पडद्याच्या कापडात बांधलेले. एक हे नाटक. दुसरं उधळ्या पुत्राचं कीर्तन, त्याचा पूर्वरंग तयार आहे, उत्तररंगात थोरला भाऊ शेतातून घरी येतो, परतलेल्या धाकट्यासाठी मांडलेली मेजवानी बघून रुसतो, अंगणातच उभा राहतो आणि तिथंच गाडं अडतं. त्याच्या तोंडी काय घालावं हे मला दोन वर्षांत सुचलेलं नाही. तिसऱ्यात मंडळीसाठी रचलेली भजनं, चालीवाचून पडलेली. चौथ्यात आपल्या बाबांची हकिगत, पेटी बैलगाडीत घालून सेमाडोहपर्यंत शुभवर्तमान सांगत हिंडलेल्या पुंजाजी कीर्तनकारांची. ती सेमाडोहच्या अलीकडच्या घाटातच थांबली आहे. आणि पाचवा गठ्ठा आईच्या ओव्यांचा. मंडळीचे नवे पाळक उत्तमराव एकदा घरी आले, फडताळ पाहिलं आणि म्हणाले, "देवमनराव, तुमी साऱ्या चुलीवर गंज ठेवून राह्यले, उतरवत एकबी नाई."

त्यांनीच मार्च महिन्यात सृष्टीच्या सहा दिवसांवर उपदेश केला. देवानं सगळं एकाच दिवशी केलं नाही, म्हणाले. आधी उजेड केला, मग पाणी बाजूला सारलं, मग जमीन, मग झाडं, आणि रोज संध्याकाळी थांबून पाहिलं की हे चांगलं आहे. मनकर्णा, तो उपदेश माझ्यासाठीच होता असं मला वाटलं. घरी येऊन जेवलोही नाही. कागद घेतला, आठवड्याचे वार लिहिले, पाच गठ्ठे सहा दिवसांत बसवले आणि तो तक्ता फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. सोमवारी आणि मंगळवारी नाटक, बुधवारी भजनं, गुरुवारी कीर्तन, शुक्रवारी बाबा. आईच्या ओव्या शनिवारी. आशेनं विचारलं, सासूबाईंचं सगळ्यात शेवटी का? मी तिला ऐटीत सांगितलं की देवानं माणूस सहाव्या दिवशी घडवला, मोलाची वस्तू शेवटी येते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाले शनवारी कोनं तालमीले बोलावलं नवतं."

तेच झालं. शनिवारी कोणाचं तरी लग्न, कोणाचं तरी मयत, कधी चांदूरहून पाहुणे, बाकी उरले ते शनिवार तालमीत गेले. आई मात्र शनिवारी न विसरता मागच्या पडवीत जात्यापाशी बसून राहायची. चक्की गल्लीच्या तोंडावर आली तरी तुरीची डाळ ती घरीच भरडायची, हे तुला माहीत आहे. दुपारपर्यंत वाट बघायची, मग पदर झटकून उठायची. मी येताना दिसलो तर म्हणायची, "ये रे बाबा पुढच्या शनवारी, मी काई पळून नाई चालली." तेव्हा मला त्यात थट्टा ऐकू आली होती.

आता खरं सांगतो. वेळ नव्हता, हे खोटं आहे. वेळ मिळत गेला तेव्हा एकेचाळीस ओव्या मी लिहूनही घेतल्या. अडचण दुसरीच होती. आईनं अख्खं शुभवर्तमान जात्यावर बसवलं होतं, अक्षर न ओळखता, बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून. पहिली ओळ तिची, आणि खुंटा फिरून समोर गेला की दुसरी तुझी. सहा-सात वर्षांची असल्यापासून तू तिच्या समोर बसायचीस. आणि त्या दुसऱ्या ओळींत जागोजाग तुझं नाव होतं. बायका आपल्या ओवीत भावाला, लेकीला गुंफतात तसं आईनं तुला बेथलेहेमात नेऊन बसवलं होतं. एक तर मला पाठ आहे, कारण ती तू मुद्दाम बेंबीच्या देठापासून ओरडायचीस आणि मी अभ्यास सोडून तुला मारायला धावायचो:

गोठ्यामंदी गुरं उठली, जागा देली बाळाले
सांगा माह्या मनकर्णेले, ये म्हना सोहळ्याले

चंद्रभानरावांशी तू लग्न केलंस त्यानंतर मी ओव्या लिहून घ्यायला बसलो. आई म्हणत जायची आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या ओवीत तुझं नाव आलं की माझं पेन थांबायचं. लोक वाचतील, म्हणतील, हीच ना ती, पाळकांच्या आशीर्वादाशिवाय गेलेली, बौद्धाच्या घरात नांदणारी? मग मी ती ओळ बदलायचो, आणि मेळ बसावा म्हणून बाकीच्या ओव्यांच्याही दुसऱ्या ओळी. मनकर्णेच्या जागी भाविक जन, 'देली'च्या जागी 'दिली', 'सोहळ्याले'च्या जागी 'सोहळ्याला'. मनाला सांगायचो की छापायचं म्हणजे भाषा शुद्ध हवी. एकदा मी लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवमन, तू लिहून राह्यला का इस्तरी करून राह्यला?" मी हसलो. त्यानंतर ओव्या शनिवारी गेल्या.

आणि आता ते पत्र. मंडळीच्या वहीतून तुमचं नाव कमी करण्यात आलं आहे, असं त्यात होतं. तू त्याला उत्तर दिलं नाहीस. आईला मी सांगितलं की मंडळीनं ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं. मनकर्णा, मंडळीत तो विषय कधी निघालाच नव्हता. जुने पाळक तेव्हा बदलून गेले होते, नवे यायचे होते, वही माझ्याकडे होती. कोणी विचारायच्या आत आपणच करून टाकावं, म्हणजे आपल्या घराकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही, असा मी विचार केला. लाल शाईनं रेघ मी मारली. नमुना मी भरला, सही मी केली, टपालात मी टाकला. मंडळीतले लोक तर अजून आशेला विचारतात, मनकर्णाबाई ठीक आहेत ना, नाताळाला येत नाहीत का? गेल्या रविवारी उपासना झाल्यावर मी हे उत्तमरावांना सांगितलं. त्यांनी वही उघडून त्या रेघेवरून बोट फिरवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "नाव लिहाले आपन साऱ्याईले इचारतो. खोडाले तुमी कोनाले इचारलं?"

त्यांच्याकडे मी आपणहून गेलो नव्हतो, हेही लिहितो, नाहीतर तू मला उगाच भला समजशील. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, एक गोष्ट घडली होती. शेजारची पंचफुला डाळ भरडायला आपल्या पडवीत आली. आईची बाज उन्हासाठी तिथंच टाकलेली असते. जातं घरघरायला लागलं आणि आई गायला लागली. पाच आठवडे जिच्या तोंडून 'पाणी' एवढा शब्द निघाला नव्हता, ती मनकर्णा, स्वच्छ गायला लागली. गोठ्यामंदी गुरं उठली, जागा देली बाळाले. पंचफुलेचा हात तिथल्या तिथं थांबला. आशा चूल सोडून धावत आली. डॉक्टरांना मागून विचारलं तर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. पण आई एका ओळीवर थांबली आणि समोर बघत राहिली.

मी वही आणायला पळालो. आम्ही तिला उचलून जात्यापाशी बसवलं, पाठीला आशा टेकून बसली. डावा हात खुंट्यावर ठेवला. समोर मी बसलो, मांडीवर वही घेऊन. पंचफुला तोंडाला पदर लावून हसत होती, बाप्या माणूस जात्यावर बसलेला तिनं कधी पाहिला नसेल. आईनं पहिली ओळ म्हटली, मी वहीतली दुसरी वाचली, माझी, भाविक जनांची. आईनं खुंटा सोडून दिला. आशेनं हात पुन्हा ठेवला. आईनं दुसऱ्या ओवीची पहिली ओळ घेतली, मी वाचलं, तिनं पुन्हा सोडला. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, पडवीच्या दाराकडे बघत बसली. मला एकेचाळिसातल्या चाळीस ओव्यांची खरी दुसरी ओळ आठवत नाही. मी ऐकली होती, पण लिहिली नाही. लिहिल्या न गेलेल्या तर दीडदोनशे असतील. पहिल्या ओळी अजून आईजवळ आहेत, किती दिवस आहेत कोण जाणे. दुसऱ्या सगळ्या तुझ्याजवळ अकोल्याला आहेत, मी तुझ्यासकट त्या घराबाहेर काढल्या.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. तक्ता फाडून टाकला. काम कोणतं आधी आणि कोणतं मागून, हे शोधायला मी सृष्टीच्या आरंभापर्यंत जाऊन आलो आणि लहानपणी पाठ केलेलं वचन मला दिसलं नाही. वेदीपाशी दान घेऊन उभा असशील आणि आठवलं की आपल्या भावंडाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा आणि समेट कर, मग ये. बाबा हे कीर्तनात सांगताना चिपळ्या खाली ठेवायचे, आठवतं? मी आठवड्याचे सहाही दिवस दानंच रचत बसलो. थोरल्या भावाच्या तोंडी काय घालावं हेही मला आता कळलं आहे. त्यानं काही बोलूच नये, नुसतं अंगणातून घरात जावं.

म्हणून हे पत्र. नाटक मी आत्ता पाचच मिनिटांपूर्वी खिडकीतून हाक मारून तालमीला आलेल्या भगवंतराव मास्तरांच्या गळ्यात घातलं आहे, हेरोदासकट. येत्या बुधवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला येतो आहे. पत्र माझ्या आधी पोचावं, म्हणजे दार उघडायचं की नाही हे ठरवायला तुला आणि चंद्रभानरावांना वेळ मिळेल. वहीत तुझं नाव परत घालू का, हे मी विचारणार नाही, तू आता कोण आहेस ते तू ठरवलं आहेस. ओव्यांत मात्र ते होतं तिथं परत लिहीन. तू आईसमोर जात्यावर येऊन बसलीस तर याहून मोठा नाताळ मला नको. पण यावंसं वाटलं नाही, तर तोही तुझा हक्क आहे. मग एवढंच कर. मी तुझ्या ओट्यावर बसून आईची एकेक पहिली ओळ म्हणेन. दार उघडू नकोस हवं तर, आतूनच दुसरी म्हण. मी लिहून घेईन, तू म्हणशील तशी.

तुझाच,
थोरला पण मागे राहिलेला,
देवमन