निजताना खिडकी उघडी ठेवत जा

मास्तर, माझी सून शेजारीपाजारी सांगत असते की म्हातारा खुळावलाय, पौषातसुद्धा खिडकी सताड उघडी टाकून निजतो आणि वर रात्रभर खोकतो. खोकतो हे खरं आहे. खुळावलोय का ते मला ठाऊक नाही. पण ती खिडकी तुमच्या सांगण्यावरून उघडी आहे, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढं मी आलो, गुडघे गेले, एक कान गेला, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की हात आपोआप मागं बांधले जातात. आज बसून लिहितोय म्हणून बरं, तुमच्यासमोर उभं राहून हे सांगायला मला कधी जमलं नाही.

आष्ट्याच्या शाळेत मी तिसरीत होतो. धडा मला तोंडपाठ होता, म्हणून पुस्तक नाकासमोर धरून मी घडाघडा म्हणत सुटलो होतो आणि पान उघडलं होतं भलतंच. तुम्ही मागून आलात, पानावर बोट ठेवलंत आणि छडी अशी ओढलीत की संध्याकाळी आईनं तळव्याला हळद लावली. "लिहिलंय तेच वाचायचं. मनातलं वाचायचं नाही." वर्गात तुम्ही असं पुस्तकी बोलायचात, घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलंत की आमच्यासारखंच. त्या दिवशी तुमचा मुलगा खिडकीत बसून फिदीफिदी हसत होता. तीन वर्षांनी लहान माझ्याहून, हाडं मोजून घ्यावीत असा किरकोळ. तुमची आणखी एक सवय होती. अवघड शब्द आला की पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं आणि त्या शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात अर्थ लिहायचा. आमच्या सगळ्या पुस्तकांवर तुमच्या त्या मुंग्या होत्या.

पुढं मी माधवनगरला गिरणीत लागलो, सुताला खळ लावायच्या खात्यात. तुमच्या मुलालाही मीच चिकटवून घेतला. लढाई संपली तेव्हा नवी यंत्रं शिकायला दोघांना विलायतेला धाडायचं गिरणीनं ठरवलं. माझं नाव निघालं, आणि दुसरं त्याचं निघावं म्हणून मी साहेबाच्या मागं लागलो. कागदपत्रांसाठी आपण तिघं साताऱ्याला गेलो होतो, आठवतं? थंडीचे दिवस, कचेरी उघडायला अवकाश, आणि बाहेर चहाच्या गाड्यापाशी ह्याचे दात कडकड वाजत होते. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "साताऱ्याच्या थंडीत ह्येची ही गत, तितं काय हुईल रं? पोरगं लय किरकोळ हाय." मी छाती काढून म्हणालो, "आवं मास्तर, मी हाय न्हवं! ह्येला गारठ्याचं वारंसुदीक लागू देत न्हाई." निघायच्या दिवशी तुम्ही आष्ट्याच्या बाजारात जतकडच्या धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी त्याच्या वळकटीत बांधलीत. ती त्याच्या हातात न देता माझ्या हातात दिलीत, हेही मी विसरलो नाही.

थंडी आपण समजत होतो ती थंडीच नव्हे, मास्तर. आपल्याकडं गारठा बाहेर असतो. माणूस शेतातून आला, दार लोटलं, चुलीपाशी बसला की संपला गारठा. तिथं थंडी घरात राहायला होती. बाहेर चालून अंगात थोडी धग यायची, ती जिना चढून खोलीत आलं की जायची. अंथरूण ओलं आहे का, म्हणून आम्ही रोज चाचपायचो. ओलं नसायचं, गार असायचं. भांड्यातलं पाणी सकाळी घट्ट. आणि आम्ही कसली खुळी! चप्पल बाहेर काढून घरात यायची जन्माची सवय, तिथंही बूट दारात काढून अनवाणी वावरायचो. पायाची बोटं सुजून लाल झाली, खाजायला लागली, तरी बुटानं खोलीत जायला जीव धजेना. जेवताना बोटांना घास धरवेना. तुमचा मुलगा कोट घालून, वर घोंगडी घेऊन, डोक्याला मफलर बांधून बसायचा आणि म्हणायचा, "गड्या, जतच्या मेंढराचं बरं, आपली लोकर आपल्यापाशी असती."

घरमालकीण बाई विधवा होती, स्वभावानं वाईट नव्हती. त्या वर्षी तिकडं कोळशाचा दुष्काळ, रेशनवर मिळायचा तेवढाच. स्वयंपाकघरात ती संध्याकाळी थोडा वेळ विस्तव करायची, तेवढा वेळ आम्हाला तिथं बसू द्यायची. आमच्या खोलीत भिंतीत धुराडं होतं, पण त्याच्या तोंडावर फळी ठोकलेली. बाई मात्र सारखी बजावायची की निजताना खिडकी बोटभर उघडी ठेवा, माणसाला हवा लागते. आम्ही मान डोलवायचो आणि पाठ फिरली की हसायचो. बाहेर बर्फ पडतंय आणि ही म्हणते खिडकी उघडा! खुळी की काय, मी म्हणायचो. तिनं सांगितलेलं मला समजलं होतं, मास्तर. इंग्रजी कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी शेगडी केली. रंगाचा रिकामा डबा घेतला, खालून भोकं पाडली, आतून माती लिंपली. आपल्याकडच्यासारखी झाली, हुबेहूब. तिथल्या गिरणीच्या बॉयलरच्या राखेत अर्धे जळलेले कोळसे निघायचे, ते पिशवीत भरून आणायचो. अंगणात पेटवून, धूर सरला की लाल निखारा तेवढा वर न्यायचो. धूर गेला की विस्तव घरात घ्यायचा, हे आपल्यात पोराबाळांना ठाऊक असतं. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतातच की! माझ्या आईनं ठेवली, तुमच्याकडं ह्याच्या वेळी माईंनी ठेवली असेल. आपल्या कौलांतून, कुडाच्या फटींतून काय काय निघून जातं याचा विचार करायची वेळच आपल्यावर कधी आली नव्हती. चार-पाच दिवस तशी शेगडी वापरली. डोकं दुखायचं दोघांचंही, ते आम्ही थंडीच्या नावावर टाकलं. मग वारा सुटला आणि खिडकीच्या फटीतून बर्फाची भुकटी आत यायला लागली. मी खळीचा माणूस. पिठाची घट्ट खळ शिजवली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या काढल्या आणि खिडकीच्या चारी कडा अशा चिकटवल्या की दोरा आत जायचा नाही. किती खूश होतो मी माझ्या कामावर, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग कसकसत होतं. मी म्हणालो, आज कामावर येऊ नको. शेगडी पेटवून आणली, काठोकाठ भरली आणि त्याच्या लोखंडी खाटेखाली सरकवली. "बाळंतीणबाई, शेक घ्या आता," असं म्हणालो. तो हसला. "गुटी कवा देणार?" म्हणाला. मी बजावलं की दाराखालच्या फटीला घोंगडी लाव आणि ऊब जाऊ देऊ नको. जिन्यावरून उतरताना त्यानं घोंगडी दाराशी सारल्याचा आवाज मी ऐकला. दुपारच्या सुट्टीत त्याला बघायला परत आलो तर दार जड लागलं, घोंगडी आडवी होती. ढकलून आत गेलो, हाक मारली, तो उठला नाही. गाल लाल तकतकीत होते. मला वाटलं, पोराला बरं वाटतंय, रंग आलाय तोंडावर. हलवला तेव्हा कळलं. डॉक्टर आला, पोलीस आला. डॉक्टर म्हणाला, जाऊन फार वेळ झालेला नाही. बाई खिडकीवरच्या माझ्या पट्ट्या नखानं खरवडून काढत रडत होती, आणि मला वाटत होतं की तिनं मला एक तरी शिवी द्यावी.

तुम्हाला मी पत्र लिहिलं ते एवढंच, की थंडीनं छाती भरली, न्यूमोनिया झाला, उपचाराला वेळ मिळाला नाही. चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले. करार पुरा करून परत आलो तेव्हा साहेबाचं राज्य गेलं होतं, शाळेवर आपला झेंडा होता. माधवनगरला न उतरता मी थेट सांगलीहून मोटार धरून आष्ट्याला आलो. तुम्ही ओसरीवर बसला होतात. रडला नाहीत. आत जाऊन एक लांब लखोटा आणलात. तिकडच्या सरकारनं चौकशीचा कागद परस्पर तुम्हाला धाडला होता, सगळा इंग्रजीत. वर्षभर तुम्ही तो तसाच ठेवला होता. "हायस्कूलच्या मास्तराकडनं वाचून घेतला असता," तुम्ही म्हणालात, "पर म्हटलं, तू तितं हुतास. तूच वाच."

स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या होत्या. भाकरी थापता थापता उठून आलेल्या, पिठाचे हात तसेच पुढं धरलेले. मी कागद उलगडला. त्यात सगळं होतं. बंद खोली, कोळशाचा विषारी वायू, सोबत राहणाऱ्यानं पेटवलेली शेगडी. मी मोठ्यानं वाचलं, "थंडीमुळं न्यूमोनिया होऊन मृत्यू." आणि खाली आणखी दोन ओळी मनानंच रचून वाचल्या, की त्रास झाला नाही, झोपेत गेला. माईंनी विचारलं, "लय थंडी वाजत हुती का रं त्याला?" मी म्हणालो, "व्हय माई, लय." ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच मुलाचं मरण मी खोटं वाचलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. मग कागद माझ्या हातून घेतलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "जेवून जा." मी जेवलो, मास्तर. दोन भाकरी खाल्ल्या. वळकटीतून आणलेली त्याची घोंगडी तुमच्यापाशी ठेवून आलो आणि सुटलो असं वाटलं.

सुटतो कसला! पुढच्या थंडीत तुम्ही माधवनगरला माझ्या खोलीवर आलात, ती घोंगडी काखेत घेऊन. मी चहा ठेवला. तुम्ही खोलीभर नजर फिरवलीत, खिडकीपाशी गेलात, कडी काढून ती उघडलीत. "ही ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," घोंगडीकडं बोट करून म्हणालात. "आमास्नी बघवत न्हाई. आन् निजताना खिडकी उघडी ठेवत जा." मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी बोलतं. तुम्ही चहा बशीत ओतून प्यालात आणि मोटारीच्या वेळेला निघून गेलात. गावात कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, थंडीनं गेला. माझ्या लग्नाला आलात, माझ्या पोराच्या बारशाला आलात. तुमच्या तोंडून मला कधी एक वाकडा शब्द ऐकू आला नाही.

तुम्ही गेल्यावर माईंनी मला बोलावून तुमची पत्र्याची पेटी पुढं केली. "तुला वाचाया येतं. कामाचं काय ते बाजूला काढ." तळाला तो लखोटा होता. कागद उलगडला. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीच्या मुंग्या. कुठून डिक्शनरी मिळवलीत, किती दिवस बसलात, देव जाणे. कोळसा. विषारी वायू. बंद खोली. शेगडी. आणि जिथं सोबत राहणाऱ्यानं असं होतं, तिथं तुम्ही 'सोबती' लिहिलं होतंत, खोडलं होतंत आणि पुन्हा तेच लिहिलं होतंत. खिडकीचं बोलणं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. माई म्हणाल्या, "कसला रं कागद?" मी म्हणालो, "शाळंचा हाय, जुना."

इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि मी तुमच्यासमोर थंडीच्या गोष्टी सांगत बसत होतो. मला लाज वाटते. तुमचा रागही येतो, खरं सांगतो. एकदा छडी ओढली असतीत तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घोंगडीच्या घडीत ठेवणार आहे. पण एक राहिलं, आणि ते तुम्हालाही ठाऊक नाही. त्या दुपारी दार ढकलून मी आत गेलो, हाक मारली, असं मी वर लिहिलंय. तसं झालं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती खोली घरासारखी उबदार झाली होती आणि माझी बोटं गारठून वळत नव्हती. तो निजलाय म्हणून मी आधी त्याच्या खाटेशी उकिडवा बसलो आणि शेगडीवर हात धरले. दोन्ही बाजूंनी चांगले शेकून घेतले. मग हाक मारली. एवढंच त्या कागदात लिहिलेलं नव्हतं, मास्तर.