थंड धुराडं

२ डिसेंबर
थर्मामीटर साडेसहाशेचा. खरी किंमत वेगळी: अरिबाचं लेक्चर, अंगठ्याला फोड, आणि धुराड्याच्या पाइपला तो चिकटवताना स्टुलावरून पडलो ती कंबर. पोरगी इंजिनिअर झाली की बापाच्या भट्टीचा ताप बघायला लागते. सायकलवरून पाव विकत विकत बिबवेवाडीत बेकरी टाकली, ती कानांच्या जोरावर. लाकडाच्या आवाजावरून पाव कसा उतरणार ते सांगतो. असो. काटा २२०.
संकल्प: रोज नोंद. रविवारी धुराडं साफ.

९ डिसेंबर
काटा १९०. म्हणजे वर वाया जाणारी उष्णता वाचली. अरिबाला फोन करून सांगितलं. कौतुक राहिलं बाजूला, विचारते, अब्बा, लाकूड ओलं आहे का? मार्केट यार्डातल्या फुटक्या फळपेट्या आहेत, असतील जरा ओल्या. भट्टीत गेल्यावर सगळंच वाळतं, म्हटलं.
रविवारी ऑर्डर होती. धुराडं नाताळनंतर.

१५ डिसेंबर
काटा १५०. थंडीनं पीठ फुगेना. मागचं दार, खिडकी, सगळं बंद करायला लावलं. पाव असे टम्म!
भट्टीवर कासिम, माझा धाकटा भाऊ. म्हणतो, भाईजान, डोकं धरतं. शाळेच्या दिवसांत याचं पोट दुखायचं. चहा पाजला.

१९ डिसेंबर
समोरच्या श्रद्धाताई. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते म्हणून वर्षानुवर्षं भांडण. आज स्वतःहून बोलल्या, कादरभाई, हल्ली धूर दिसत नाही तुमचा, भट्टी विकलीत वाटतं? पुणेरी कौतुक असंच असतं.
काटा १२०.

२२ डिसेंबर
काटा ९५. शंभराच्या आत! इतकी काटकसरीची भट्टी अख्ख्या पुण्यात दाखवा.
बायकोची, मेहजबीनची कटकट. कासिमभाईंना उलटी झाली, दार तरी उघडा. संसार करते, पण पिठातलं कळत नाही. दार उघडलं तर नाताळच्या ऑर्डरचा माल बसेल, तो कोण खाणार? कासिमला म्हटलं, नाताळ होऊ दे, मग चार दिवस झोप काढ. बरं म्हणाला. एरवी उलटं बोलला असता.

२४ डिसेंबर, दुपार
काटा ७०. रेकॉर्ड.
मी पुढे गल्ल्यावर. माझे कान तिखट. भिंतीआडून कासिमचा खोकला ऐकून सांगतो, खरा कुठला आणि कामचुकारपणाचा कुठला. आज तासभर एकदाही खोकला नाही. सुधारला.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
पाव करपल्याचा वास आला म्हणून आत गेलो. कासिम पिठाच्या पोत्यांवर आडवा. हाका मारल्या. आधी ओरडलो, मग हलवला. रिक्षा. ससून लांब, जवळचं कुठलंही हॉस्पिटल, म्हणालो.

२६ डिसेंबर
आयसीयू. डॉक्टर म्हणतात, भट्टीतला वायू. त्याला वास नसतो, आवाज नसतो. मी म्हटलं, पण धुराडं तर थंड होतं हो.

२९ डिसेंबर
धुराडं उतरवलं. आत काजळी इतकी की मूठ जाईना. अरिबा रागावली नाही, तेच वाईट. हळूच म्हणाली, अब्बा, वर काही जातच नव्हतं, मग काटा चढणार कसा?

३ जानेवारी
कासिमनं डोळे उघडले. मी समोर गेलो. त्यानं मेहजबीनला विचारलं, हे कोण?
डॉक्टरांना विचारलं, असं का. म्हणाले, आणायला उशीर झाला. बेशुद्ध पडल्यावर तासभर तरी तो तिथेच पडून होता.